दोन तारे आणि एक रिकामी ओळ

"सर, आईशपथ, कोडला हात नाही लावला. नुसती कमेंट टाकली."

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. बिल्ड लाल. नव्या पोराचा चेहरा त्याहून लाल. कॉलेजात त्याला शिकवलेलं की कमेंट माणसांसाठी असते, कंपायलर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून जावाच्या एका मेथडवर त्याने प्रामाणिकपणे लिहिलं की फाइल कुठे ठेवायची. विंडोजचा पत्ता. सी ड्राइव्ह, मग बॅकस्लॅश, मग 'यूजर्स'. यू लहान लिपीतला.

आता गंमत अशी की जावा फाइल वाचायला बसली की कमेंट कुठली आणि कोड कुठला हे ठरवायच्याही आधी एक काम उरकते. बॅकस्लॅशला चिकटलेला छोटा यू शोधते. तो सापडला की तिच्या लेखी हा युनिकोड अक्षराचा संकेत, आणि पुढे चार हेक्स अंक पाहिजेतच. पुढे आला 'एस'. झालं! 'इल्लीगल युनिकोड एस्केप', बिल्ड आडवा. यू मोठ्या लिपीतला असता तर जावाने हूं की चूं केलं नसतं. पायथनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे माहिती लिहायच्या स्ट्रिंगमध्ये, मात्र मोठा यू टाकून सुटका नाही. छोट्यापुढे ती चार हेक्स अंक मागते, मोठ्यापुढे आठ. विंडोजचा पत्ता लिहायचाच असेल तर अवतरणचिन्हांच्या आधी एक 'आर' लावून मोकळं व्हायचं.

कोडमधल्या खास कमेंटी वेचून त्यांची वेबपानं बनवणारी जावाडॉक, डॉक्सिजन, स्फिंक्स, रस्टडॉक ही सगळी अवजारं तुम्ही काय लिहिलंय हे नंतर बघतात. कमेंट बसलीय कुठे, हे आधी. एक ओळ वर-खाली झाली की तुमचं सुंदर गद्य गायब, किंवा शेजाऱ्याच्या नावावर जमा. या जागेच्या भानगडीतल्या काही चविष्ट गोष्टी.

तारे मोजून घ्या

जावा १९९६ च्या जानेवारीत आली ती जावाडॉकला कडेवर घेऊनच. नियम सोपा: /* ने सुरू झाली ती साधी कमेंट, /** ने सुरू झाली ती डॉकची. हा एक जादा तारा पुढे पीएचपीने घेतला, जावास्क्रिप्टच्या जेएसडॉकने घेतला, लिनक्स कर्नलनेही घेतला. कर्नलमध्ये तर सवयीने कुणी साध्या कमेंटला दोन तारे लावले की अवजार कुरकुरतं, की बाबा, ही दिसतेय डॉकसारखी, पण आहे कुठे?

दोनच्या जागी तीन तारे लावले तर जास्त मान मिळेल असं वाटत असेल तर थांबा. जेएसडॉक तीन तारेवाल्या कमेंटीला सरळ ओलांडून जातं. रस्टमध्ये तीन स्लॅश म्हणजे डॉक, चार स्लॅश म्हणजे पुन्हा साधी कमेंट. त्यामागे शहाणपण आहे. लोकांना ताऱ्यांच्या आणि स्लॅशच्या लांबलचक रांगोळ्या काढायची हौस असते, ती सगळी डॉकमध्ये कशाला? आणि /**/ हा प्राणी? दोन तारे दिसतात खरे, पण दुसरा तारा कमेंट बंद करण्यात खर्ची पडलाय. आत काहीच नाही.

बंद करण्यावरून आठवलं. जावाडॉकमध्ये 'सगळ्या फोल्डरांतल्या सगळ्या जावा फाइली' असा नमुना लिहायचा झाला तर आपण सहज लिहून जातो: एसआरसी/**/*.जावा. नीट बघा. दोन ताऱ्यांनंतर स्लॅश आला, म्हणजे कमेंट तिथेच संपली. पुढचं '*.जावा' कंपायलरच्या ताटात कोड म्हणून पडतं आणि तो जे ओरडायला लागतो, त्यातून मूळ दोष कुठेय ते नवख्याला कळायला अर्धा तास. यावरचा जुना तोडगा म्हणजे तारा आणि स्लॅश ही चिन्हं एचटीएमएलच्या आकड्यांत लिहायची. कोडमध्ये वाचायला ते अगदी भिकार दिसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये जावा २३ आली आणि तीन स्लॅशवाल्या, मार्कडाउनमध्ये लिहायच्या डॉक कमेंटी घेऊन आली. ओळीची कमेंट ओळीबरोबर संपते, तिला बंद करायची खूणच नाही, त्यामुळे ही कटकट मिटली. अठ्ठावीस वर्षं लागली, पण मिटली.

'रु.' वर वाक्य संपलं

जावाडॉक मेथडींची यादी देतं तेव्हा प्रत्येकीसमोर तिच्या कमेंटीतलं फक्त पहिलं वाक्य उचलतं. पहिलं वाक्य कुठे संपतं? इंग्रजीवर बेतलेला सरळसोट नियम: पूर्णविराम आणि त्याच्यानंतर मोकळी जागा. आता मराठीत लिहा, 'रु. ५०० पेक्षा जास्त रकमेवर कर लावतो.' यादीत येईल: 'रु.' बस्स. 'डॉ.', 'उदा.', 'कि. मी.' सगळ्यांची हीच गत. आपल्यापैकी कितीजण मराठीत डॉक लिहितात हा प्रश्न वेगळा, पण इंग्रजीतही 'मिस्टर'च्या लघुरूपाने हेच व्हायचं. जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्या स्वतःच्या लेखन-मार्गदर्शिकेत यासाठी दिलेलं उदाहरण झकास आहे: प्रोफेसर नूथ यांच्या मिक्स कॉम्प्युटरचं सिम्युलेशन. 'प्रोफ.' नंतर साधी मोकळी जागा सोडली तर यादीत बिचारा प्रोफेसर एकटाच उरतो, म्हणून तिथे न तुटणारी मोकळी जागा टाका, असा तो सल्ला. मार्च २०१८ च्या जावा १० पासून 'हाच माझा सारांश' असं ठणकावून सांगायला वेगळा टॅगच मिळाला.

(मिक्स हा खरा कॉम्प्युटर नाही, नूथच्या पुस्तकातला काल्पनिक. त्याचा नंबर १००९, कारण एम-आय-एक्स ही रोमन अक्षरं वाचली की तेवढेच होतात. माणूस कुठेही विनोद सोडत नाही.)

आणि हे उदाहरण नूथचंच असावं यात मजा आहे, कारण हा सगळा खेळ त्याने उलटा मांडून दाखवला होता. आपण कोडमध्ये कमेंटी घालतो, त्याने निबंधात कोड घातला. १९८४ सालच्या लेखात त्याने याला 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' म्हटलं. एकाच फाइलमधून 'टँगल' नावाचं अवजार यंत्रासाठी कोड काढायचं आणि 'वीव्ह' नावाचं अवजार माणसांसाठी छापायचा मजकूर. टेक हा त्याचा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम असाच लिहिलेला आहे. या पद्धतीचं नाव त्याने ठेवलं 'वेब'. का? तर कॉम्प्युटरवाल्यांनी अजून न वापरलेले तीन अक्षरी इंग्रजी शब्द फार थोडे उरलेत, त्यातला हा एक, म्हणून. टिम बर्नर्स-ली यांचं वेब यायला तेव्हा अवकाश होता.

डोक्यावर की पोटात?

जावावाल्यांची कमेंट मेथडच्या डोक्यावर बसते. तेही अगदी चिकटून. क्लासवरची कमेंट लिहिली आणि मग मध्ये एखादी इम्पोर्टची ओळ घुसवली, तर ती कमेंट कुणाचीच नाही. अ‍ॅनोटेशन असेल तर कमेंट त्याच्याही वर हवी. अ‍ॅनोटेशन आणि मेथड यांच्या मधल्या बोळात घातलेली कमेंट जावाडॉकला दिसत नाही.

पायथनचा संसार निराळा. तिथे डॉक पोटात जातो. 'डेफ'च्या ओळीखाली, फंक्शनच्या आत, अगदी पहिलं वाक्य म्हणून. आणि ती कमेंट नसतेच मुळी, ती खरीखुरी स्ट्रिंग असते, प्रोग्रॅम चालू असताना विचारली तरी हजर होते. तिची शिस्त २००१ सालच्या 'पेप २५७' या पायथनच्या नियमपत्रात लिहिलीय. तिच्या आधी कोडची एक क्षुल्लक ओळ जरी आली तरी पद गेलं. स्ट्रिंग तिथेच असते, पण पायथन तिला डॉकस्ट्रिंग मानत नाही, वाचून टाकून देते. एफ-स्ट्रिंगलाही हा मान नाही. उलट 'फ्युचर'चा इम्पोर्ट, जो फाइलीत सगळ्यांच्या वर बसायचा हट्ट करतो, तोही डॉकस्ट्रिंगला वरची जागा देतो.

आता ही स्ट्रिंग आयती हाताशी आहे म्हटल्यावर लोक गप्प बसतील? डेव्हिड बीझली यांच्या 'प्लाय' या लायब्ररीत पार्सरचे व्याकरणाचे नियम चक्क डॉकस्ट्रिंगमध्ये लिहितात. 'डॉकऑप्ट'मध्ये कमांडची माहिती डॉकस्ट्रिंग म्हणून लिहायची आणि त्या माहितीवरूनच कमांडचे पर्याय तयार होतात. म्हणजे माहितीपत्रक हेच यंत्र. मग कुणीतरी मेमरी वाचवायला पायथन 'डबल ओ' लावून चालवतो, तो पर्याय सगळ्या डॉकस्ट्रिंगा खरडून काढतो, आणि व्याकरणासकट पार्सर गारद.

हा पोटातला डॉक मूळचा लिस्पच्या घरातला. ईमॅक्स स्वतःला 'स्वतःची माहिती स्वतः देणारा' संपादक म्हणवतो, ते याच स्ट्रिंगांच्या जोरावर. पण लिस्पच्या घराण्यातच जागेवरून भाऊबंदकी आहे. फंक्शनच्या पोटात एकच स्ट्रिंग असेल, दुसरं काहीच नाही, तर ती डॉक की उत्तर? कॉमन लिस्प म्हणते, उत्तर. ईमॅक्स लिस्प म्हणते, दोन्ही. आणि २००७ साली क्लोजर आली तिने डॉकस्ट्रिंग उचलून आर्ग्युमेंटांच्या *आधी* नेऊन ठेवली. जुन्या सवयीचा माणूस ती नंतर लिहितो. क्लोजर एका शब्दाने बोलत नाही, स्ट्रिंग वाचते आणि फेकून देते. माझ्या मते ही चूक सगळ्यात वाईट, कारण कोड वाचताना सगळं जागच्या जागी दिसतं.

एका रिकाम्या ओळीची किंमत

गो भाषेने तारे-बिरे सगळं काढून टाकलं. कसलीही खूण नाही. जी कमेंट फंक्शनला, टाइपला किंवा पॅकेजच्या ओळीला चिकटून वर आहे, ती डॉक. मध्ये रिकामी ओळ आली की नातं तुटलं. कमेंट ज्याची त्याच्या नावाने सुरू करायची, एवढाच काय तो संकेत.

वाचायला गोड. आता आमचा प्रताप ऐका. मी आधी जिथे होतो तिथे प्रत्येक फाइलीवर कॉपीराइटची नोटीस डकवणारी एक स्क्रिप्ट होती. तिने इमानेइतबारे नोटीस टाकली, पण खाली रिकामी ओळ सोडली नाही. नोटीस पॅकेजच्या ओळीला चिकटली. मग डॉकच्या पानावर 'हे पॅकेज काय करतं?' याचं उत्तर म्हणून मोठ्या दिमाखात 'सर्व हक्क राखीव'. अनेक महिने. टीममधल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण स्वतःच्या कोडचं डॉक पान कोण उघडतंय? दुसऱ्या टीमच्या एका बाईंनी विचारलं, "तुमचं पॅकेज नेमकं काय करतं? वापरायला बंदी आहे एवढंच समजलं."

हाच घोळ गोमध्ये बिल्डच्या अटींचाही व्हायचा. कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ही फाइल घ्यायची ते सांगणारी जुन्या पद्धतीची कमेंट पॅकेजच्या ओळीला चिकटली की अट न राहता वर्णन व्हायची.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे सीगो. गोमधून सी भाषेचा कोड वापरायचा असेल तर 'सी' नावाच्या, प्रत्यक्षात नसलेल्या पॅकेजचा इम्पोर्ट लिहायचा आणि त्याच्या बरोबर वर, चिकटून, कमेंट लिहायची. त्या कमेंटीत असतो सीचा खराखुरा कोड! तो कंपाइल होतो. आणि मध्ये एक रिकामी ओळ टाकलीत की तीच कमेंट पुन्हा साधी कमेंट, आणि खालचा कोड सीमधली फंक्शनं सापडत नाहीत म्हणून बोंब मारतो. चालणारा प्रोग्रॅम आणि न चालणारा प्रोग्रॅम यांच्यात फरक एका एंटरचा.

मॅटलॅबवाल्यांनी रिकाम्या ओळीचा हाच गुण कामाला लावलाय. तिथे फंक्शनच्या ओळीखालचा सलग कमेंटींचा गठ्ठा म्हणजे मदत. त्यातली पहिली ओळ 'एच१', शोधाशोधीत तीच दिसते. मग एक रिकामी ओळ, आणि तिच्याखाली कॉपीराइट. मदत मागितली तर तो दिसतच नाही. आमच्या स्क्रिप्टवाल्याने हे बघायला हवं होतं.

सोमवारचं मंगळवारला

डॉक्सिजन हे सी आणि सी++वाल्यांचं लाडकं अवजार. नेदरलँड्सच्या दिमित्री व्हान हेश यांनी १९९७ मध्ये काढलं. यात कमेंट वर लावा, बाजूला लावा, हवी तर भलत्याच फाइलीत लावा आणि नाव घेऊन सांगा की ही अमक्या फंक्शनची. फक्त बाजूला लावताना एक बारीक खूण हवी: तीन स्लॅशनंतर '<'. म्हणजे 'पुढे नको, मागे बघ.'

समजा वारांची यादी केली. रविवार, आणि त्याच ओळीत शेजारी /// लावून 'सुट्टी'. सोमवार, शेजारी 'कंटाळा'. असे सातही वार. '<' विसरलात. आता प्रत्येक वर्णन आपल्या पुढच्या वाराला जाऊन बसतं. सुट्टी सोमवारला! कंटाळा मंगळवारला. शनिवारचं वर्णन अधांतरी, आणि रविवार बिनवर्णनाचा. कोडमध्ये बघाल तर सगळं रांगेत, सुबक. छापील पानावर आख्खा आठवडा एक घर सरकलेला.

रस्टमध्ये हाच प्रमाद केला तर निदान शेवटच्या वारापाशी ती अडवते. डॉक कमेंट आहे पण ती कशाचंच वर्णन करत नाही, अशा अर्थाची ई०५८५ ही एरर. शिवाय रस्टमध्ये 'मागे'ऐवजी 'आत' आहे. तीन स्लॅश म्हणजे पुढच्या वस्तूबद्दल, दोन स्लॅश आणि उद्गारचिन्ह म्हणजे मी ज्याच्या आत बसलोय त्याच्याबद्दल. सी#वाले या बाबतीत जुने जाणते. कमेंट वेड्यावाकड्या जागी बसली की त्यांचा कंपायलर सीएस१५८७ ही सूचना देतो, आणि सार्वजनिक गोष्टीवर कमेंटच नसेल तर सीएस१५९१. दुसरीला वैतागून लोक 'कस्टमर मिळवा' या मेथडवर 'कस्टमर मिळवते' असं लिहून मोकळे होतात. जावाने लटकत्या डॉक कमेंटींबद्दल बोलायला २०२४ उजाडू दिलं.

डॉक्सिजनची आणखी एक खोड: मोकळ्या, कुठल्याही क्लासात नसलेल्या फंक्शनवर कितीही छान कमेंट लिहा, ज्या फाइलीत ते आहे त्या फाइलीची स्वतःची नोंद नसेल तर फंक्शन पानावर येत नाही. आधी सातबारा दाखवा, मग घराचं बोला.

नोकरी करणाऱ्या कमेंटी

कंपायलर कमेंट वाचत नाही म्हणणाऱ्यांसाठी: १९९७ च्या जावा १.१ पासून डॉक कमेंटीत '@डेप्रिकेटेड' लिहिलं की कंपायलर ते वाचायचा आणि बनलेल्या क्लास फाइलीत तशी खूण ठेवायचा. त्याच आवृत्तीत 'डेट' या क्लासातल्या बऱ्याच मेथडी अशा रीतीने मोडीत निघाल्या. एखाद्या कमेंटीमुळे दुसऱ्याच्या कोडवर सूचना उमटायची! २००४ मध्ये जावा ५ ने त्यासाठी खरं अ‍ॅनोटेशन आणलं. आता दोन्ही लिहितात. अ‍ॅनोटेशन कंपायलरसाठी, कमेंट 'का बुवा?' याच्या उत्तरासाठी.

पीएचपीत तर कमेंटींनी घरच चालवलं. डेटाबेसचा कुठला कॉलम, कुठली टेस्ट, सगळं दोन ताऱ्यांच्या कमेंटीत. मग सर्व्हरचा वेग वाढवायला कुणी ओपीकॅशमधला 'कमेंटी जपा' हा पर्याय बंद करायचा आणि आख्खं अ‍ॅप्लिकेशन बसायचं. नोव्हेंबर २०२० च्या पीएचपी ८ ने यासाठी अ‍ॅट्रिब्यूट आणले, आणि त्यांची सुरुवात केली '#[' ने. पीएचपीत # म्हणजे आधीपासून कमेंटच. त्यामुळे एका ओळीतला अ‍ॅट्रिब्यूट जुन्या पीएचपीला अजूनही कमेंटच वाटतो.

उदाहरणं चालवून बघणाऱ्या कमेंटीही आहेत. पायथनमध्ये टिम पीटर्स यांचं 'डॉकटेस्ट' २००१ पासून आहे. डॉकस्ट्रिंगमधलं उदाहरण ते खरोखर चालवतं आणि लिहिलेलं उत्तर ताडून बघतं. गोच्या उदाहरणांखाली 'आउटपुट' अशी कमेंट लिहिली की टेस्ट तिच्याशी निकाल जुळवते. रस्टमध्ये डॉकमधला कोड टेस्टबरोबर आपोआप कंपाइल होतो, आणि इथे एक खड्डा आहे. मार्कडाउनमध्ये चार जागा आत सरकवलेला मजकूर म्हणजे कोड, आणि रस्टडॉकच्या लेखी भाषा न सांगितलेला कोड म्हणजे रस्ट. सीच्या जुन्या हेडर फाइलींवरून रस्टचा कोड आपोआप बनवला की सीवाल्यांनी शोभेसाठी आत सरकवलेली इंग्रजी वाक्यं रस्ट म्हणून कंपाइल व्हायला जातात आणि टेस्ट धडाधड पडतात.

जावा ८ च्या वेळी, म्हणजे मार्च २०१४ मध्ये, जावाडॉकनेही असाच इंगा दाखवला होता. तोवर कमेंटीत कसंही एचटीएमएल चालायचं. अचानक, ओळ तोडायच्या टॅगमध्ये शेवटी स्लॅश दिला म्हणून बिल्ड अडायला लागले. कोड ठणठणीत, डॉकच्या एका स्लॅशवरून रिलीज खोळंबलेली. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१३ मध्ये तर आणखी भारी झालं. जावाडॉकने बनवलेल्या पानांच्या फ्रेममध्येच सुरक्षेचं भोक निघालं. त्या फ्रेममध्ये कुणीही बाहेरचं पान घुसवू शकत होता. नुसतं जावाडॉक सुधारून भागणार नव्हतं, कारण आधी बनवलेली पानं जगभर पसरलेली. जावा सांभाळणाऱ्या ओरॅकलला ती जुनी पानं दुरुस्त करायला वेगळं अवजार काढावं लागलं.

त्या शुक्रवारच्या मुलाने पत्त्यातला बॅकस्लॅश बदलून साधा स्लॅश केला, बिल्ड हिरवा झाला, आणि तो साडेसातची बस पकडून गेला. तुम्ही मात्र उद्या सकाळी चहा घेता घेता एवढं करा: तुमच्या प्रोजेक्टचं तयार झालेलं डॉक पान एकदा उघडा. कोड नको, पान. तिथे पहिल्याच ओळीत 'सर्व हक्क राखीव' दिसलं, तर कॉपीराइटच्या खाली एक एंटर मारा.